अर्ज भरण्याआधी : सीमाभागातल्या नव्या उमेदवारासाठी

सीमाभागात, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगावकडच्या मराठी पट्ट्यात, निवडणुकीला उभं राहायचं असं मनाशी ठरवलेला माणूस पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : ‘इच्छुक म्हणून नाव कुठं नोंदवायचं?’ उत्तर आधीच देऊन टाकतो. सरकारदरबारी इच्छुकांची कुठलीही नोंदवही नाही. १९७५ पर्यंत लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक कलम होतं. निवडणूक समोर दिसत असताना जो माणूस स्वतःला उमेदवार म्हणवून घेऊ लागला, तो तेव्हापासूनच उमेदवार धरला जाई. त्या वर्षीच्या दुरुस्तीत ते गेलं. आता अर्ज दाखल झाला की उमेदवार, त्याआधी फक्त मतदार.

पक्ष किंवा समिती ‘इच्छुकांनी अर्ज करावेत’ असं जाहीर करते, ते सगळं त्यांचं घरातलं काम. २०२३च्या विधानसभेसाठी कर्नाटकात काँग्रेसने इच्छुकांकडून अर्जाचे पाच हजार आणि सर्वसाधारण गटाला वर दोन लाख रुपये घेतले होते. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या घटक शाखा इच्छुकांचे अर्ज घेतात, चर्चा करतात आणि एकाचं नाव पुढं करतात. यातल्या कुठल्याही अर्जामुळं निवडणूक कार्यालयात तुमच्या नावाची ओळसुद्धा उमटत नाही. ज्यांची सगळी धावपळ तिकिटाच्या यादीमागं जाते, त्यांची कागदपत्रं शेवटच्या दिवशी अपुरी पडतात.

खरी नोंदणी आपली आपल्यालाच करावी लागते. मतदार यादीत, नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत), बँकेत, वकिलाच्या टेबलावर. आणि ती अधिसूचना निघायच्या आत, कारण नंतर वेळ उरत नाही. २०२३ची विधानसभा बघा. अधिसूचना १३ एप्रिलला निघाली, अर्जाची शेवटची तारीख २० एप्रिल, छाननी २१ला, माघार २४ला, मतदान १० मे. मधे १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि १६ला रविवार. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी अर्ज घेत नाहीत. उरलेल्या दिवसांत सकाळी ११ ते दुपारी ३ एवढीच वेळ. एवढ्यात जातीचा दाखला निघत नाही, चार वर्षांपूर्वीच्या मोर्चाच्या केसचा नंबर सापडत नाही, मतदार यादीतलं चुकलेलं नाव दुरुस्त होत नाही.

ज्यांच्या घरात आजवर कुणी निवडणूक लढवलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या माणसाला मतं पडावीत की पडू नयेत, हे लोकांनी ठरवावं. पण एका कोऱ्या रकान्यापायी त्याचं नाव मतपत्रिकेवरच येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निवडणूक कोणती, कार्यालय कोणतं

विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, तालुका व जिल्हा पंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या निवडणुका कर्नाटक राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन्हींचे फॉर्म वेगळे, अनामत वेगळी, नियम वेगळे. मित्रानं मागच्या खेपेला ग्रामपंचायतीला भरलेला अर्ज बघून विधानसभेची तयारी करू नका.

मग मतदारसंघ. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत आणि त्यांच्या हद्दी तालुक्याच्या हद्दीवर चालत नाहीत. एकट्या बेळगाव तालुक्याचंच घ्या : उचगाव, हिंडलगा बेळगाव ग्रामीणमध्ये, येळ्ळूर बेळगाव दक्षिणमध्ये, तर कडोली, काकती थेट यमकनमर्डीत. यमकनमर्डी अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. कुडची आणि रायबाग अनुसूचित जातीसाठी राखीव. म्हणजे कडोलीच्या सर्वसाधारण गटातल्या कार्यकर्त्याला आपल्या घरच्या मतदारसंघात विधानसभेला उभंच राहता येत नाही. त्याला दुसरा मतदारसंघ शोधावा लागतो, आणि तसं करायला कायद्याची आडकाठी नाही.

लोकसभेला खानापूरकरांनी जास्त जपावं. खानापूर आणि कित्तूर बेळगाव लोकसभेत नाहीत, उत्तर कन्नडमध्ये आहेत. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड, हुक्केरीकडचा पट्टा चिकोडी लोकसभेत. आपला निवडणूक निर्णय अधिकारी कोण आणि तो कुठं बसतो, हे अधिसूचनेबरोबर निघणाऱ्या नोटिशीत लिहिलेलं असतं. अर्ज त्याच्याकडं किंवा नोटिशीत नाव असलेल्या सहायक अधिकाऱ्याकडंच द्यायचा.

वयाचं थोडक्यात : विधानसभा, लोकसभेला २५ पूर्ण, आणि ते छाननीच्या दिवशी पूर्ण असावं लागतं. पंचायत आणि पालिकेला २१.

मतदार यादीतलं नाव

सगळ्याची मुळी इथं आहे. कर्नाटक विधानसभेला उभं राहायचं तर कर्नाटकातल्या कुठल्याही एका विधानसभा मतदारसंघाच्या यादीत तुमचं नाव हवं. उभे राहाल त्याच मतदारसंघात असलं पाहिजे असं नाही. लोकसभेसाठी देशातल्या कुठल्याही मतदारसंघात चालतं. ग्रामपंचायतीला मात्र त्याच पंचायतीच्या यादीत लागतं.

सीमाभागात इथं एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल लोक मोकळेपणानं बोलत नाहीत. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडं शेत किंवा आजोळ, नोकरी कोल्हापूर-पुण्यात आणि घर बेळगावात, अशी कितीतरी कुटुंबं आहेत. मग एक नाव तिकडच्या यादीत, एक इकडच्या. मतदानाला दोन्हीकडं जात नसलात तरी दोन ठिकाणी नाव असणं कायद्याला मंजूर नाही, आणि नाव घालताना ‘माझं नाव दुसरीकडं नाही’ असं खोटं लिहून दिलं असेल तर तो गुन्हा आहे. उमेदवार झालात की विरोधक हेच पहिलं शोधतो. जिथं खरोखर राहता तिथलं नाव ठेवा आणि दुसरं काढून घ्या. नाव काढण्यासाठी फॉर्म ७, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी फॉर्म ८, नव्यानं घालण्यासाठी फॉर्म ६. आयोगाच्या मतदार पोर्टलवर घरबसल्या भरता येतात, नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओकडं, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडं, द्या. १९५० या क्रमांकावर फोन करून स्थिती विचारता येते. अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव जात नाही, आणि प्रत्येक फॉर्मवर हरकतींसाठी आठवडा जातो. म्हणून हे काम निवडणुकीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच उरका.

नाव सापडलं तरी तिथं थांबू नका. यादीतली नोंद कन्नडमध्ये असेल तर ती कन्नड वाचणाऱ्याकडून अक्षरन् अक्षर वाचून घ्या. ‘चव्हाण’चं ‘चौहान’ झालेलं असतं, वडिलांच्या जागी आजोबांचं नाव असतं, बायकांच्या नोंदीत माहेरचं आडनाव तसंच राहिलेलं असतं. शाळेत कन्नड शिकलेली आपली मुलं हे काम सहज करतात, त्यांना बरोबर घ्या. स्पेलिंगच्या किरकोळ चुकीवर अर्ज फेटाळू नये असं कायदाच सांगतो. तरीही आधार, मतदार ओळखपत्र, पॅन आणि यादी यांतलं नाव एकसारखं असलं की छाननीच्या टेबलावर वाद घालण्याची वेळच येत नाही.

आता तीन आकडे एका कागदावर लिहून ठेवा : मतदारसंघाचा क्रमांक, यादीतला भाग क्रमांक, भागातला अनुक्रमांक. अर्जात हेच लागतात आणि हेच सर्वांत जास्त चुकतात. पुरवणी यादी निघाली की क्रमांक हलू शकतो, म्हणून अर्ज भरायच्या आदल्या दिवशी ताज्या यादीवर पुन्हा ताडून बघा. तुमचं नाव एका मतदारसंघात आणि उमेदवारी दुसऱ्यात असेल, तर आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जाला जोडावी लागते. ती तहसीलदार कार्यालयातून आधीच काढून ठेवा.

सूचक, आणि दहा सूचक का

सूचक म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. समितीचे उमेदवार निवडणूक कार्यालयाच्या लेखी अपक्षच असतात, २०१३ला निवडून आलेले दोघेही कागदावर अपक्षच होते. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांना दहाची तयारी करावी लागते.

हा नियम येण्यामागं आपल्याच भागाचा हात आहे. १९९६च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडं दिल्लीनं बघावं म्हणून मराठी माणसांनी ढिगानं अर्ज भरले होते. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० आणि तमिळनाडूत मोडकुरिचीच्या विधानसभेला हजारावर उमेदवार झाले. संसदेनं १९९६मध्येच कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून दहा हजारांवर आणि विधानसभेची २५० वरून पाच हजारांवर गेली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. २०१०पासून अनामत लोकसभेला २५ हजार आणि विधानसभेला १० हजार आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. तरीसुद्धा २०१९ला बेळगाव लोकसभेत ५७ उमेदवार होते. तो मार्ग बरोबर की चूक याची चर्चा आपल्याकडं अजून चालते. माझं मत एवढंच की निषेध म्हणून भरलेल्या अर्जालाही छाननी तीच असते, तो टिकवायचा तर काळजी तेवढीच घ्यावी लागते.

सूचक निवडताना ओळखीपेक्षा यादी बघा. दहाही जण तुम्ही उभे आहात त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. शहापूरचा जिवलग मित्र ग्रामीणच्या अर्जावर चालणार नाही, कारण त्याचं नाव दक्षिणमध्ये आहे. दहापैकी एक जरी बाहेरचा निघाला तर नऊच उरतात आणि अर्ज बाद होतो. बारा-तेरा जणांची नावं, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताडून तयार ठेवा, आणि एकापेक्षा जास्त अर्ज भरताना निरनिराळे सूचक घ्या. एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात, अनामत एकदाच. एक बाद झाला तरी दुसरा टिकतो.

गावाकडचे वडीलधारे सूचक म्हणून घेण्याची आपल्याकडं पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. फक्त सही येत नसलेल्या सूचकाचा अंगठा घरी उठवून आणायचा नाही. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगानं ठरवलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. अशा आजोबा-आज्जींना त्या दिवशी गाडी करून घेऊन यायची व्यवस्था आधी लावा. सही करणाऱ्या बाकीच्या सूचकांनी हजर असायची गरज नसते.

जातीचा दाखला

विधानसभेच्या किंवा पंचायत-पालिकेच्या राखीव जागेवर लढायचं असेल, किंवा सर्वसाधारण जागेवर निम्मी अनामत भरायची असेल, तर दाखला कर्नाटकचा हवा. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत, मागासवर्गाचे गटही प्रत्येक राज्याचे वेगळे. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गाच्या ३ ब गटात आहे, महाराष्ट्रातले निकष इथं लागू पडत नाहीत. ग्रामपंचायतीत मागासवर्गाचं आरक्षण ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन भागांत असतं, त्यामुळं आपण कशात बसतो हे नाडकचेरीत विचारून त्याच नमुन्यात दाखला काढा. दाखल्यावर छापलेला आरडी क्रमांक (दाखल्याचा नोंद क्रमांक) ऑनलाइन तपासता येतो, तो लागतोच.

सर्वांत जास्त ओढाताण होते ती सुनांची. पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या, त्यामुळं घराघरातून सून उभी राहते, आणि सून चंदगड किंवा आजऱ्याची असते. जात जन्मानं ठरते, नवऱ्याच्या दाखल्यावर बायकोला राखीव जागा लढवता येत नाही. माहेरचा दाखला महाराष्ट्राचा, तोही इथं चालत नाही. अशा घरांनी वॉर्डाचं आरक्षण जाहीर व्हायची वाट न बघता तहसीलदारांकडं आधीच अर्ज करावा आणि उत्तर लेखी घ्यावं. दाखला मिळण्यासारखा नसेल तर सर्वसाधारण महिला जागेचा विचार करायला वेळ तरी राहतो.

प्रतिज्ञापत्र : इथं वेळ द्या

विधानसभेला अर्जाचा नमुना २ ब, लोकसभेला २ अ, आणि दोन्हींबरोबर नमुना २६चं प्रतिज्ञापत्र. अर्ज अर्ध्या तासात भरून होतो. प्रतिज्ञापत्राला दोन आठवडे धरा.

यातला एकही रकाना कोरा सोडायचा नाही. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मतदाराला माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि सांगूनही रकाने कोरे ठेवणाऱ्याचा अर्ज फेटाळता येतो. जिथं काही नाही तिथं ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहा. नुसती रेघ मारू नका. कन्नड किंवा इंग्रजीत भरताना तो शब्द त्या भाषेत लिहून घ्या, आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ मराठीत समजावून घ्या. वकिलानं भरलं तरी शपथ तुमची असते. खोटी माहिती दिली किंवा दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मालमत्तेत तुमची, जोडीदाराची, अवलंबितांची आणि एकत्र कुटुंबाची सगळी येते, आणि ती कुठल्या राज्यात आहे याला महत्त्व नाही. इकडच्या शेताचा पहाणी उतारा, तिकडच्या शेताचा सातबारा, दोन्ही काढा. वडिलोपार्जित जमिनीत वाटणी झाली नसेल तरी आपला हिस्सा लिहावा लागतो. पतसंस्थेतल्या ठेवी, सोसायटीचं कर्ज, बायकोचं सोनं वजनासह, जुनी दुचाकी, विमा, भिशीत अडकलेले पैसे, कुणाला उसने दिलेले पैसे, सगळं. पॅन क्रमांक आणि भरलेल्या आयकर विवरणपत्रांतलं मागच्या पाच वर्षांचं उत्पन्न. समाजमाध्यमांवरची खातीसुद्धा लिहायची असतात. गेल्या दहा वर्षांत कधी सरकारी निवासस्थान मिळालं असेल तर त्याचं भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची बाकी नसल्याचा दाखला जोडायचा.

आणि आता केसेस. सीमाभागात कार्यकर्ता म्हणून वाढलेल्या माणसावर एकही गुन्हा नसणं दुर्मिळच. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी, फलकाचं आंदोलन, मेळावा. त्या दिवशी ठाण्यात नाव लिहून घेतलं, संध्याकाळी सोडलं, पुढं काही आलं नाही, म्हणून माणूस विसरतो. पण एफआयआर विसरत नाही, तो प्रलंबित असेल तर प्रतिज्ञापत्रात ठाण्याचं नाव, नंबर, कलमं आणि आरोप निश्चित झालेत का, हे लिहावं लागतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बेळगाव आणि आपल्या तालुक्याच्या कोर्टात पक्षकाराच्या नावानं शोध घ्या. नाव इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिलं जाऊ शकतं तितक्या तऱ्हांनी. शिवाय ज्या ज्या ठाण्याच्या हद्दीत आंदोलनं केलीत तिथं लेखी अर्ज देऊन माहिती मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

केस असली म्हणून उमेदवारी जात नाही, हे धीर देऊन सांगतो. प्रलंबित खटला अडवत नाही, शिक्षा अडवते. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर शिक्षेचा काळ आणि सुटल्यावर पुढची सहा वर्षं अपात्रता. पण काही कलमांना याहून कडक नियम आहे, आणि त्यांतलं एक आपल्याकडं वरचेवर लावलं जातं : दोन गटांत तेढ वाढवण्याचं, जुन्या भारतीय दंड संहितेतलं १५३ अ. त्यात दोषी ठरून नुसता दंड झाला तरी दोषी ठरल्यापासून सहा वर्षं उभं राहता येत नाही. ‘दंड भरून टाक, विषय मिटव’ असा सल्ला कोर्टाच्या आवारात सहज मिळतो. ज्याला पुढं निवडणूक लढवायची आहे त्यानं अशा केसमध्ये गुन्हा कबूल करण्यापूर्वी जाणत्या वकिलाशी बोलावं.

प्रलंबित केस असलेल्या उमेदवाराला ती माहिती वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करावी लागते : माघारीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत, मग पाचव्या ते आठव्या दिवसात, मग नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. जाहिरातीचे पैसे आधीच बाजूला काढा.

प्रतिज्ञापत्र त्या वेळी लागू असलेल्या किमतीच्या ई-स्टॅम्पवर, नोटरी किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर. पानापानावर तुमची सही आणि नोटरीचा शिक्का. शेवटच्या दोन दिवसांत कोर्टाबाहेर नोटरींकडं रांगा लागतात.

बँक खातं आणि पैसे

निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं, आणि खाते क्रमांक अर्जाबरोबर लेखी द्यायचा. खातं एकट्याच्या नावे किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त चालतं. बायको, भाऊ यांच्याबरोबर संयुक्त चालत नाही, ते निवडणूक प्रतिनिधी असल्याशिवाय. राज्यात कुठंही, सहकारी बँकेत किंवा पोस्टात उघडता येतं. ‘राज्यात’ हा शब्द ध्यानात घ्या : निपाणीकराला कागलची शाखा कितीही जवळ असली तरी तिथलं खातं उपयोगाचं नाही. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे.

अनामत रोख किंवा ट्रेझरीच्या चलनानं भरतात, धनादेश घेत नाहीत. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते.

अर्ज द्यायचा दिवस

कार्यालयाच्या शंभर मीटरच्या आत तीनच गाड्या आणि अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवारासह पाचच माणसं. ढोल-ताशा, भगवे फेटे, मिरवणूक हे सगळं त्या रेषेच्या बाहेर. मिरवणूक काढायची हौस जरूर करा, पण ३ वाजायच्या आत माणूस दालनात पोहोचला पाहिजे. अर्ज उमेदवारानं स्वतः किंवा एखाद्या सूचकानं हातोहात द्यायचा असतो, पोस्टानं किंवा तिसऱ्याच माणसाबरोबर पाठवला तर तो आलाच नाही असं धरतात. आयोगाच्या सुविधा पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरता येतो, तरी छापून, सही करून, प्रत्यक्ष नेऊन द्यावाच लागतो. पक्षाचे असाल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षानं उमेदवारी दिल्याचं पत्र, शेवटच्या दिवशी ३च्या आत पोहोचला पाहिजे.

फोटो गेल्या तीन महिन्यांतला, दोन बाय अडीच सेंटिमीटर. अर्जात आपलं नाव कोणत्या भाषेत कसं लिहिलंय ते नीट बघा, मतपत्रिकेवर ते तसं यावं म्हणून. अपक्षांनी मुक्त चिन्हांच्या यादीतली तीन चिन्हं पसंतीच्या क्रमानं लिहायची. गावातल्या म्हाताऱ्या माणसालाही लांबून ओळखता येईल असं चिन्ह पहिलं टाका.

अर्ज दिल्यावर तीन गोष्टी घेतल्याशिवाय दालन सोडू नका : पोच, छाननीच्या वेळेची नोटीस, आणि कागदपत्रांची चेकलिस्ट, जिच्यात काय कमी आहे ते अधिकारी लिहून देतो. त्यानंतर शपथ. संविधानाशी निष्ठेची ही शपथ अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी घ्यावी लागते, छाननीच्या दिवशी घेतलेली चालत नाही. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याला म्हणजे त्याच दिवशी. अर्ज सगळा बिनचूक आणि शपथ राहिली, म्हणून बाद, असं होऊ देऊ नका. शपथ घेतल्याचा दाखला मागून घ्या.

ग्रामपंचायतीला हे सगळं बरंच हलकं असतं. निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही, साधारण ४०० लोकसंख्येमागं एक सदस्य, अनामत काहीशे रुपयांची, अर्ज गावातच. सूचक त्याच वॉर्डातला घ्या, घरपट्टी आणि पाणीपट्टी भरून पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) बाकी नसल्याचा दाखला घ्या, आणि पंचायतीचं एखादं कंत्राट स्वतःच्या नावावर चालू असेल तर ते आधी मोकळं करा. नव्या माणसानं सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. बेळगाव महापालिकेत मात्र २०२१ला ५८ प्रभागांची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली, आणि तिथं अपक्षाला काम जास्त पडतं.

छाननीनंतर

छाननीला उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेला आणखी एक माणूस एवढ्यांना बसता येतं. तो चौथा माणूस वकील असू द्या. हरकत आली तर उत्तर द्यायला छाननीनंतर दोन दिवसांपर्यंतची मुदत मागता येते, ती मागा. अर्ज फेटाळला तर कारणं लेखी घ्या. निवडणूक सुरू असताना कोर्ट यात पडत नाही, दाद निकालानंतर निवडणूक याचिकेतच मागावी लागते, आणि तिथं तो कागदच कामाला येतो.

माघारीच्या दिवशी सीमाभागात फोन फार वाजतात. समितीतल्या दोघांनी एकाच ठिकाणी अर्ज भरलेला असतो, मतं फुटू नयेत म्हणून वडीलधारे मध्यस्थी करतात. माघार घ्यायची ठरली तर ती लेखी, सहीनिशी, स्वतः किंवा लेखी अधिकार दिलेल्या सूचकामार्फत किंवा निवडणूक प्रतिनिधीमार्फत, ३च्या आत. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. वेळ टळली की तुम्ही वर्तमानपत्रात पाठिंब्याचं पत्रक काढलंत तरी यंत्रावर तुमचं नाव राहतंच आणि मतं फुटतातच.

खर्चाचा हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत रोजच्या रोज लिहायचा. आधी छापलेली पत्रकं नंतर वापरलीत तर तीही यात येतात. कार्यालयाकडून मिळणाऱ्या नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाला, गुलाबी रोकडीला, पिवळी बँकेला. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून दहा हजारांपेक्षा जास्त रोख द्यायची नाही. मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. आपल्यातल्या बहुतेकांचा खर्च तिच्या आसपासही जात नाही, म्हणून हिशेब लिहायचाच राहतो. प्रचाराच्या काळात नोंदवही तीन वेळा तपासायला न्यावी लागते. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं द्यायचा, हरलात तरी, अनामत गेली तरी, प्रचार मधेच सोडला तरी. दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पावत्या ठेवायला घरातलं कुणीतरी एक माणूस पहिल्या दिवसापासून नेमा, आणि त्याला प्रचाराचं दुसरं कुठलंही काम देऊ नका.